लाभार्थी समाधानी आहे

काम तसं दहा मिनिटांचं. वरच्या मजल्यावर जायचं, लोखंडी कपाटातून एक फाइल काढायची, खोलीला कुलूप लावायचं आणि खाणावळ बंद व्हायच्या आत जेवायला पोचायचं. चष्मेवाल्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि निघाले.

तारीख एकोणीस नोव्हेंबर, वार गुरुवार, रात्रीचे साडेआठ. अमावास्या नव्हती, वादळ नव्हतं, कुत्रंसुद्धा रडत नव्हतं. पदरचं तिखटमीठ मी काही घालणार नाही, घालायची गरजही नाही.

मला हे कसं ठाऊक, असं विचाराल. तर मी तेव्हा कोर्टाच्या फाटकाबाहेर टायपिंगला बसायचो, आणि या माणसाचं प्रतिज्ञापत्र माझ्याच हातून टाइप झालं. चार पानं झाली होती. त्यांच्या वकिलांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "दीड पान ठेवा. उरलेलं कोर्टात वाचलं तर लोक हसतील." ते दीड पान आजही कोर्टाच्या दप्तरात आहे. उरलेली अडीच पानं माझ्याकडे राहिली. तीच सांगतो. कडी लावून घ्या म्हणजे सारखं मागे वळून बघायला नको.

तर हे चष्मेवाले. वय साठीच्या पुढे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परगावी. माणूस मऊ, कुणाला नाही म्हणणं जमायचं नाही. जन्मभर लोकांना खुर्चीत बसवून विचारलं, "सर्वांत खालची ओळ वाचता येते का?" आणि स्वतः मात्र सही करताना वरचीसुद्धा ओळ वाचली नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यातली गत.

त्यांचा जिवलग मित्र छापखाना चालवायचा. त्याला एकच मुलगी. जन्मापासून कमरेखाली पायांत जोर नाही, चाकांच्या खुर्चीत वाढलेली, पण जिभेला अशी धार की छापखान्यातले कामगार तिच्यापुढे जपून बोलायचे. बापाचं पहिलं प्रूफ तीच वाचायची. आई लवकर गेली. मग बापालाही दुखणं लागलं, आणि तेव्हा त्याने घराचा ट्रस्ट केला. मुलगी हयात असेतो तळमजल्याची रस्त्यावरची खोली तिची. उरलेल्या घराच्या भाड्यातून दिवसभराची बाई, औषधपाणी, पुस्तकं. तिच्या मागे घर आपल्या धाकट्या भावाला. विश्वस्त दोघे : एक तोच धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा चुलता, आणि दुसरे आपले चष्मेवाले.

दवाखान्यात छापखानेवाल्याने यांचा हात धरला होता. म्हणाला, "भावावर माझा विश्वास आहे रे. पण ती गेल्यावर घर त्याचं आहे. माणसाचं मन... तुझी नजर असू दे."

"आहे की मी," चष्मेवाले म्हणाले.

आहे की मी! बोलायला काय जातं.

पहिली दोन वर्षं नजर होती. रविवारी जायचे, मुलीशी पत्ते खेळायचे, हरायचे. मग चुलत्याने एक कागद आणला, दुकानात गिऱ्हाईक होतं, यांनी काउंटरवरच सही केली. मग दुसरा. मग दर वर्षी एक. दोघांच्या सह्यांशिवाय काहीच होत नव्हतं, हे लक्षात घ्या. चुलता एकटा काहीसुद्धा करू शकला नसता.

आणि झालं काय, तर तळमजला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या गोदामाला गेला. मुलीला उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं. जिच्या पायांत जोर नाही तिला बावीस पायऱ्यांच्या वर! खाली उतरायची सोयच उरली नाही. दिवसभराची बाई सकाळच्या दोन तासांवर आली. मुलीला उठून कडी घालता येत नाही म्हणून बाई जाताना बाहेरून कुलूप लावायची. चार वर्षं.

चष्मेवाल्यांचा जायचा-यायचा रस्ता तिच्या खिडकीखालून. वर मुलगी दिसायची, हात करायची. हेही हात करायचे. बरी दिसते, असं मनाशी म्हणायचे आणि पुढे जायचे. जिन्याला मात्र चार वर्षांत पाय लावला नाही. आधी आज जाऊ उद्या जाऊ म्हणून, आणि पुढे इतके दिवस गेलो नाही, आता कुठल्या तोंडाने जाऊ म्हणून.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी बाईचा मुलगा आजारी पडला. तिने चुलत्याला फोन केला : साहेब, आज-उद्या येणार नाही, ताईला ताप आहे, कुणालातरी पाठवा. चुलता म्हणाला, "बघतो."

सोमवारी बाईने कुलूप काढलं तर दार आत जाईना. मुलगी दाराशी होती. पलंग खिडकीपाशी, आणि ती दाराशी. एवढ्यावर समजून घ्या. मला ते टाइप करतानाही पुढे लिहवलं नव्हतं.

सगळ्यांनी बाईच्या नावाने खडे फोडले. चष्मेवाले स्मशानात मागे उभे राहून आले.

आणि सात आठवड्यांनी चुलत्याचा फोन. "तुम्ही जरा ट्रस्टची फाइल काढून आणता का? मूळ विश्वस्तनामा लागतोय, घर नावावर करायचं तर. माझे गुडघे त्या जिन्याला नको म्हणतात."

गुडघेच नको म्हणत होते की आणखी काही, देव जाणे. पण कपाट मुलीच्या खोलीत होतं. कपाट तिच्या खोलीत आणि किल्ली चुलत्याच्या खिशात, असा सगळा कारभार. त्याने जिन्याची, खोलीची आणि कपाटाची अशा तिन्ही किल्ल्या दुकानात पाठवून दिल्या. चष्मेवाल्यांना नाही म्हणता आलं नाही.

जिन्याला रस्त्यावर उघडणारं वेगळं दार होतं. त्यांनी कुलूप उघडलं, कोयंड्यालाच अडकवून ठेवलं आणि वर गेले. जिन्यात दिवा नव्हता. मोबाइलच्या उजेडात अकरा पायऱ्या, वळण, पुन्हा अकरा. वरचं कुलूप निघालं. खोली झाडलेली होती, पलंगाची गादी गुंडाळलेली. दार आतल्या बाजूने खालच्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, खरवडलेलं होतं. त्यांनी उजेड तिकडून काढून घेतला. कपाट उघडलं, फाइल घेतली आणि निघाले. वरच्या दाराला कुलूप लावलं का? लावलं नाही. विसरले म्हणा, की तिथे पाठ करून उभं राहवेना म्हणा.

खाली आले तर दार उघडेना.

झालं होतं ते साधंच. गोदामाचा दिवसपाळीचा रखवालदार नऊला घरी निघाला, त्याला कुलूप नुसतं लटकलेलं दिसलं. कुणीतरी विसरलं असेल म्हणून त्याने ते दाबून बंद केलं आणि गेला. चष्मेवाल्यांनी दार वाजवलं. हाका मारल्या. रस्ता सगळा दुकानांचा, नऊनंतर तिथे चिटपाखरू नसतं. मोबाइलची बॅटरी संपत आलेली. त्यांनी चुलत्याला फोन लावला. त्याचं घर पाच मिनिटांवर, आणि जिन्याच्या कुलपाची दुसरी किल्ली त्याच्याकडेच.

"अहो, मी जिन्यात अडकलोय. बाहेरून कुलूप लागलंय."

पलीकडे टीव्हीचा आवाज. मग चुलता म्हणाला, "हो का? बघतो."

फोन बंद झाला. तो शब्द कानात तसाच राहिला. चष्मेवाले शेवटच्या पायरीवर बसले.

साडेनऊ झाले. दहा झाले. कुणी आलं नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी वर दार वाजलं.

आपटलं नाही. ढकललं की लाकूड फरशीला जसं घासतं, तसं. हळू. मग थांबलं. मग पुन्हा.

चष्मेवाल्यांनी मनाशी म्हटलं, वारा. जिन्याला खिडकी नव्हती, हे त्यांना माहीत होतं.

मग काहीच नाही. कितीतरी वेळ.

मग... धप्.

कुणीतरी बसल्या बसल्या एक पायरी खाली उतरावं, तसा आवाज. त्याच्यामागून ओढलेलं काहीतरी. कापड असेल. पाय असतील.

धप्. आणि ओढल्याचा आवाज.

ते मोजत राहिले. मोजायचं नव्हतं, पण मोजलं गेलं. चार. पाच. प्रत्येक पायरीनंतर दम घ्यायला थांबल्यासारखं. नऊ. दहा. अकराव्यानंतर वळणावर हाताचे तळवे फरशीवर टेकल्याचे आवाज आले. एक, दोन, एक, दोन. ओलसर.

ते पायरीवर बसल्या जागीच वळले, दाराकडे पाठ केली. 

धप्.

आता ती वळणाच्या अलीकडे होती. मोबाइलचा उजेड वर करावा, असं त्यांच्या हाताला वाटलंच नाही. उजेड फाइलवर पडला होता. तो तिथेच राहिला.

त्यांच्यापासून सहा पायऱ्या वर ते थांबलं.

"चष्मेकाका."

आवाज तोच होता. पत्ते खेळतानाचा. थोडा बसलेला, घसा कोरडा असल्यासारखा.

"कसले कागद आहेत, काका?"

चष्मेवाले म्हणाले, "ट्र... ट्रस्टचे."

"वाचा ना."

"बाळ, मला..."

"मला कुणी दाखवलेच नाहीत. वाचा."

मग त्या माणसाने वाचायला सुरुवात केली. त्यांच्याच खुर्चीत बसलेली माणसं डोळे तपासताना तक्ता वाचतात ना, तसं एकेक शब्द. आधी तिच्या बापाचा विश्वस्तनामा. "माझी मुलगी हयात असेपर्यंत तळमजल्यावरील रस्त्याकडील खोली... विश्वस्तांनी तिच्या सुखसोयीस आपल्या कोणत्याही हितापेक्षा अधिक..."

वरून आवाज आला, "बाबांची भाषा जड. पुढचं?"

"ठराव. तळमजला भाड्याने देणे. लाभार्थीस हवेशीर जागा मिळावी म्हणून वरच्या मजल्यावर हलवणे. लाभार्थीची यास... संमती आहे."

"आहे?"

चष्मेवाल्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सही कुणाकुणाची?"

"तुझ्या काकाची." मग खालची ओळ वाचत, "आणि माझी."

धप्.

पाच पायऱ्या राहिल्या.

"पुढचं."

"लाभार्थी वरच्या मजल्यावर राहत असल्याने चाकांच्या खुर्चीचा... उपयोग उरलेला नाही. सदर निरुपयोगी वस्तू... भंगारात..."

इथे मोबाइल विझला.

ऐका हं आता. हे मी त्यांना तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी एकच सांगितलं. मोबाइल विझला, जिना काळाकुट्ट झाला, आणि कागद दिसायचा काही थांबला नाही. ओळ न् ओळ दिसत होती. डोळे मिटले तरी दिसत होती.

"सही?"

"माझी."

धप्.

"पुढचं."

"बाईचा पूर्ण दिवस... अनावश्यक..."

"सही?"

"माझी."

धप्.

आता तापलेल्या अंगाचा वास येत होता. कितीतरी दिवस बंद खोलीचा. त्यांच्या गुडघ्यापासून हाताच्या अंतरावर... कुणीतरी श्वास घेत होतं. उथळ, भराभर.

"एवढेच?"

एक कागद उरला होता. दर वर्षी एकच मजकूर असायचा, नुसती तारीख बदललेली. शेवटची तारीख सप्टेंबरची होती.

"दोन्ही विश्वस्तांनी..." त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "दोन्ही विश्वस्तांनी लाभार्थीची समक्ष भेट घेतली. लाभार्थीची प्रकृती उत्तम असून लाभार्थी... समाधानी आहे."





मग अगदी हळू, न रागावता, "मी हाका मारत होते काका. तुम्ही हात केलात."

चष्मेवाले रडायला लागले. लहान मुलासारखे. "माझं चुकलं बाळ, माझं..."

"सरका ना जरा."

"हं?"

"वाटेत बसलायत. मला खाली जायचंय."

"दार... दार बाहेरून बंद आहे गं."

"हो," ती म्हणाली. "ते असतंच."

मग त्यांच्या डाव्या खांद्याला घासून काहीतरी गेलं. गार नव्हतं. भूत गार असतं म्हणतात, ते खोटं आहे. चटका बसावा इतकं तापलेलं होतं.

सकाळी साडेसहाला आतून आवाज ऐकून रखवालदाराने कुलूप तोडलं तेव्हा चष्मेवाले त्याच पायरीवर बसलेले होते. फाइल छातीशी धरलेली, आणि तोंडाने पुटपुटत होते. रखवालदार वाकून ऐकायला लागला तर म्हणत होते, "सही माझी. सही माझी."

चुलता दहाला भेटायला आला. म्हणाला, "अहो, मी म्हटलं तुम्ही निघाला असाल एव्हाना."

चष्मेवाल्यांनी फाइल त्याला दिली नाही. ती घेऊन ते सोमवारी कोर्टात आले आणि माझ्यासमोर बसले. त्यांच्या वकिलांनी परोपरीने समजावलं : सगळं चुलत्यावर ढकला, तुम्हाला फसवून सह्या घेतल्या असं लिहू. हे म्हणाले, "फसवायला त्याने कागद लपवले कुठे? माझ्यापुढेच ठेवले होते. वाचले नाहीत मी." तसंच लिहिलं.

आधी ते बाईकडे गेले होते, माफी मागायला. बाईने दारातच ऐकून घेतलं. म्हणाली, "साहेब, मला गावाने खुनी म्हटलं. तुम्हाला कोण म्हणणार?" आणि दार लावलं.

खटला चार वर्षं चालला. न्यायाधीशबाई कडक होत्या. निकालपत्रात दोघांची अशी सालटी काढली की वाचताना आम्हा टायपिस्टांचे कान गरम झाले. कुंपणानेच शेत खाल्लं, असं त्यांच्या भाषेत लिहिलं. दोघांना विश्वस्तपदावरून काढलं. नुकसानभरपाई भरायचा हुकूम झाला. कुणाला? ट्रस्टला. आणि लाभार्थी हयात नसल्यामुळे विश्वस्तनाम्याप्रमाणे ट्रस्टची मालमत्ता कुणाला? धाकट्या भावाला! कोर्टात हे वाचलं गेलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी खरंच हसलं. चष्मेवाल्यांनी दुकान विकून आपला वाटा भरला. तो फिरून चुलत्याच्याच घरात गेला. मृत्यूचं म्हणाल तर पोलिसांना पुरावा पुरला नाही. 'बघतो' म्हणणं कुठल्या कलमात बसतं?

चष्मेवाले त्यानंतर दीड वर्षं जगले. शेवटी शेवटी उजवा हात उशीखाली दाबून झोपायचे.

चुलत्याने गोदाम काढलं, घर रंगवलं आणि तळमजल्यावर राहायला आला. रस्ता मधल्या काळात खोदून खाली गेला होता, म्हणून पुढच्या दाराला नव्या तीन पायऱ्या घालायचं ठरलं. त्या कामावरचा गवंडी माझ्या ओळखीचा, त्याच्या जमिनीचे कागद मीच करून दिलेत. माणूस निर्व्यसनी आणि अबोल. त्याने सांगितलं ते असं.

पहिल्या संध्याकाळी त्याने तिन्ही पायऱ्या ओळंबा लावून सरळ बांधल्या, वर सिमेंटचा गिलावा केला, गोणपाट टाकलं आणि गेला. सकाळी गोणपाट बाजूला पडलेलं, आणि पायऱ्यांच्या जागी उतार. सगळं सिमेंट खाली ओढून, दारापासून रस्त्यापर्यंत सरळ, गुळगुळीत उतार. पोरांचा चावटपणा म्हणून चुलता शिव्या देत बसला. फोडलं, पुन्हा बांधलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा उतार. तिसऱ्या रात्री चुलता स्वतः दारात खुर्ची टाकून बसला, हातात काठी घेऊन.

सकाळी गवंडी आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. चुलता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. काय दिसलं ते त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही. गवंड्याकडे न बघता एवढंच म्हणाला, "असू दे. फोडू नकोस."

तो उतार अजून आहे. गवंडी त्याच्यावर उकिडवा बसून बराच वेळ बघत होता. त्यावर थापीची खूण नव्हती. सगळं सिमेंट हाताच्या तळव्यांनी सारवलेलं होतं, बोटं स्पष्ट उमटलेली.

आणि सारवण्याची दिशा आतून बाहेर होती.